पाण्याची वाट आधी, ओटा मग

दुपारची भांडी आवरून कुणी धान्य निवडायला बसली असेल, कुणी बांधावर सावलीला टेकली असेल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

आज आम्ही बोलणार आहोत स्वयंपाकघरातल्या एका पाईपाबद्दल. हसू नका. भांडी घासल्यावरचं पाणी ज्या पाईपातून घराबाहेर जातं, तो पाईप. ओटा बांधताना कडाप्पा की ग्रॅनाइट यावर घरात आठ दिवस चर्चा होते. फरशीचा रंग बघायला सगळं घर दुकानात जातं. पाईप मात्र गवंडी बसवतो, तोही आपण घरी नसताना. आमच्या गटात या पाईपावरून काय झालं, ते आधी सांगतो. मग तो कसा बसवायचा, ते सांगतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत आमच्या एका बहिणीनं २०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण, स्वयंपाकघराचं काम. तिचं घर जुनं, गॅस जमिनीवर, कोपऱ्यात मोरी. उकिडवं बसून स्वयंपाक आणि उकिडवं बसूनच भांडी. गुडघे धरले होते, उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागायचा. उभ्याचा ओटा आणि सिंक करायचं तिच्या मनात चार वर्षं होतं. सोयाबीनचे पैसे थोडे आले होते, थोडे गटाचे घालायचे होते.

आम्ही कर्ज आनंदानं दिलं. प्रश्नही विचारले. हप्ता किती जमेल? गवंडी कोण? कडाप्पा कुठून आणणार? पाणी कुठून जाणार, हे मात्र बाराजणींतल्या एकीनंही विचारलं नाही. त्या बैठकीचं इतिवृत्त वहीत आहे. त्या पानावर पाणी हा शब्दच नाही.

काम सुरू झालं. ओटा पूर्वेच्या भिंतीला घ्यायचा ठरला, कारण स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला हवं, असं घरच्यांचं म्हणणं. त्यात काही चूक नाही. पण जुनी मोरी होती पश्चिमेला. तिचं पाणी मागे परसात अळूला जायचं. पूर्वेच्या भिंतीपलीकडे गावातली बोळ आहे, सहा फुटांची.

ज्या दिवशी सिंक बसलं, त्या दिवशी ही सोयाबीन काढायला गेलेली. संध्याकाळी घरी आली तर पूर्वेच्या भिंतीला भोक पाडून पाईप थेट बोळीत काढलेला. सिमेंटही लावून झालेलं. गवंडी म्हणाला, "ताई, जवळची वाट हीच. तुमचा पाईपही वाचला." मालकांनीही मान डोलावली. तिला खटकलं होतं, असं ती नंतर आम्हाला म्हणाली. पण झालेलं काम तोडा कसं म्हणायचं, आणि मजुरीचे पैसे पुन्हा कुठून आणायचे, म्हणून ती गप्प बसली.

बोळीच्या पलीकडे दुसरं दार आहे. ती शेजारीणही आमच्याच गटातली. बोळीचा उतार तिच्या उंबऱ्याकडे. सकाळ-संध्याकाळ इकडची भांडी घासली की तिकडे खरकटं पाणी. तिचं नातवंड नुकतंच रांगायला लागलं होतं. पहिल्यांदा तिनं हसत सांगितलं. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून सांगितलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिनं दारात रांगोळी काढली आणि अर्ध्या तासात त्या रांगोळीतून साबणाचं पाणी वाहत गेलं.

दुसऱ्या दिवशी पाईपाच्या तोंडात दगड आणि चिखल ठासलेला होता. पाणी बाहेर पडेना, सिंकमध्ये वर येऊ लागलं. दोघी बोळीत उभ्या राहिल्या आणि जे बोलू नये ते बोलल्या. एकमेकींच्या माहेरापर्यंत गेल्या. आम्ही त्यांची नावं सांगत नाही. आमच्या गावात ती सगळ्यांना माहीत आहेत, आणि तुमच्या गावात अशा दोघी तुम्हालाही माहीत असतील.

त्यानंतर शेजारणीनं बचत भरणं बंद केलं. निरोप पाठवला, "ज्या गटानं तिला पैसे दिले, त्या गटात मी बसणार नाही." ओट्यावालीनंही लाजून बैठकीला येणं सोडलं. तिचा एक हप्ता थकला, मग दुसरा. आमच्या बँकेच्या कर्जाची फाईल तेव्हाच तयार होत होती. पंचसूत्री तुम्हाला माहीत आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, व्यवस्थित लेखे. एका पाईपानं आमची त्यातली तीन सूत्रं मोडली.

शेजारणीचा राग आम्हाला आधी पटला नाही. गटाचा काय दोष, असं वाटलं. मग शांतपणे विचार केला. पैसे आम्ही दिले. ते कशात जाणार, हे विचारायचा हक्कही आमचा होता आणि जबाबदारीही आमचीच. आम्ही वरचं सगळं विचारलं, खालचं विचारलं नाही. तिच्या बोलण्यात तथ्य होतं.

मग आम्ही ती महिन्याची बैठक देवळात न घेता त्या बोळीतच घेतली. सतरंजी टाकली, दोघींना दोन टोकांना बसवलं. भांडण कुणी सुरू केलं, यावर बोलायचं नाही, पाणी कुठं जाईल, एवढ्यावरच बोलायचं, असं आधीच ठरवलं. आमच्यातल्या एक वयस्कर काकू तांब्या घेऊन उठल्या. घराभोवती चार ठिकाणी त्यांनी पाणी ओतलं आणि ते कुठं वाहतं ते बघत राहिल्या. पाणी परसाकडे चांगलं जात होतं. परसात जागा होती, जुनं अळू अजून तगून होतं. वाट तिथं आधीपासूनच होती, ओट्याची जागा बदलली तेव्हा सगळे ती विसरले होते.

काम पुन्हा करायचं ठरलं. ओट्याखालच्या फरश्या काढल्या, बोळीचं भोक बुजवलं, पाईप आतून भिंतीच्या कडेनं मागे नेला. तोडफोड, नवा पाईप आणि मजुरी मिळून ४,००० रुपयांवर खर्च गेला. हेच आधी केलं असतं तर पाईपाचे आणि दोन जोडांचे काय ते पैसे लागले असते. "पाईप वाचला" म्हणणं आम्हाला एवढ्याला पडलं.

आता कामाचं सांगतो. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

आधी हा त्रास आत्ताच का वाढला, ते बघू. आपल्या आया डोक्यावरून पाणी आणायच्या. हंडा मोजून वापरायच्या, तेव्हा सांडपाणीही हंडाभरच असायचं. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं, घरोघरी नळ आले. त्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर झालं. त्यातलं पिण्यात आणि स्वयंपाकात मुरतं ते थोडंच. बाकी बहुतेक पाणी धुण्या-घासण्यातून पुन्हा बाहेर पडतं. घरात पाणी येण्याचा पाईप सरकारनं आणला. घरातून पाणी जाण्याचा पाईप आपण ठरवायचा आहे.

पहिली गोष्ट, शेवटापासून सुरुवात करा. पाणी शेवटी कुठं मुरणार किंवा कुठल्या झाडाला जाणार, ती जागा आधी नक्की करा. मग तिथून मागे मागे येत सिंकपर्यंत वाट आखा. बहुतेक घरांत उलटं होतं. आधी सिंक, मग भोक, मग पाणी जाईल तिकडे. आणि "जाईल तिकडे" म्हणजे बहुधा दुसऱ्याचं दार. ओटा पूर्वेला हवा असेल तर खुशाल पूर्वेला घ्या. पाईपाला दिशा चालतात, त्याला फक्त उतार लागतो.

दुसरी गोष्ट, तो उतार. साधा हिशेब असा की एक फूट लांबीला पाव इंच उतार. म्हणजे ४ फुटांना १ इंच, १२ फुटांना ३ इंच. आमच्या बहिणीच्या घरात आतली लांबी १२ फूट होती. पाईप सिंकखाली जमिनीपासून १२ इंचांवर सुरू केला, तो मागच्या भिंतीतून ९ इंचांवर बाहेर पडला. बाहेर खड्ड्यापर्यंत आणखी १६ फूट, म्हणून तिथं ४ इंच उतार दिला. उतार कमी पडला तर पाणी पाईपात साचतं आणि तळाशी गाळ धरतो. ओटा झाल्यावर उतार वाढवता येत नाही, म्हणून सिंकची उंची ठरवतानाच हा हिशेब करा.

उतार डोळ्यांनी मोजता येत नाही. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते, तिला लेव्हल पाईप म्हणतात. ती पाण्यानं भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एकीनं एक टोक सिंकच्या जागी धरायचं, दुसरीनं दुसरं टोक पाईप बाहेर पडणार त्या जागी. पाणी स्थिर झालं की दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला असतं. दोन्हीकडे भिंतीवर खूण करा. या दोन खुणा म्हणजे समपातळी. आता सिंककडच्या खुणेपासून पाईप जितका खाली धराल, त्याच्यापेक्षा बाहेरच्या टोकाला ३ इंच जास्त खाली धरा. झाला उतार. हे काम दोघी बायका पाच मिनिटांत करतात. आम्ही केलं आहे. गवंडी बघत राहिला, मग म्हणाला, "बरोबर आहे."

तिसरी गोष्ट, वळणं. पाईपाला जितकी वळणं, तितक्या तुंबायच्या जागा. काटकोनी एल्बो एक लावण्यापेक्षा थोड्या अंतरानं दोन तिरके बेंड लावले तर पाणी सरळ सरकतं. जिथं वळण टाळता येत नाही, तिथं झाकण असलेला जोड लावा. दुकानात त्याला डोअर बेंड किंवा डोअर टी म्हणतात. पाईप तुंबला की ते झाकण उघडून तार घालता येते, फरशी फोडावी लागत नाही. आणि ते झाकण हात पोचेल अशा जागी ठेवा. ओट्याखाली विटांनी बंद केलेलं झाकण असून नसल्यासारखं.

सिंकखालचा पाईप २ इंची चालतो. बाहेर जमिनीतून जाणारा ३ किंवा ४ इंची घ्या, कारण त्याला पुढे मोरीचं पाणीही जोडलं जाईल. पाईप उघड्या उन्हात ठेवू नका. उन्हानं पीव्हीसी ठिसूळ होतो. त्याला मातीत पुरा किंवा वरून रंग द्या. आणि भाताची उकळती पेज, खळखळतं पाणी थेट सिंकमध्ये ओतू नका. पीव्हीसी उकळत्या पाण्यानं मऊ पडतो, वाकतो, मग उतार बिघडतो. पेज पातेल्यात निवू द्या, नाहीतर जनावराच्या आंबोणात घाला.

चौथी गोष्ट, ट्रॅप. हा शब्द लक्षात ठेवा. सिंकमधून वास येतो, रात्री दिवा लावला की झुरळं पळतात, ही तक्रार आपण सगळ्याच करतो. कारण सिंकखालचा पाईप सरळ असतो. बाहेरची हवा, वास, किडे त्याच सरळ वाटेनं आत येतात. ट्रॅप म्हणजे पाईपाला मुद्दाम दिलेला वाक. त्या वाकात नेहमी दोन इंच पाणी साठून राहतं. वरचं पाणी खाली जातं, पण खालचा वास वर येऊ शकत नाही, कारण मध्ये पाण्याची झडप असते. सिंकखाली पी ट्रॅप किंवा बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप लावतात. मोरीत लावतात तो नहाणी ट्रॅप. दुकानात या नावानं मागा, दुकानदार देईल. नाव आपल्या न्हाणीवरूनच आलेलं आहे, विचारायला लाजायचं कारण नाही.

एक लक्षात ठेवा. बरेच दिवस गावाला गेलात तर ट्रॅपमधलं पाणी वाळतं आणि वास येतो. परत आल्यावर तांब्याभर पाणी ओता, झडप पुन्हा तयार होते.

पाचवी गोष्ट, पाईपात काय जाऊ द्यायचं. पाईप बुजतो तो पाण्यानं नाही, तेलानं आणि शितांनी. तेल गरम असताना वाहतं, पाईपात गार झालं की आतून थर धरतं. त्यावर शीत चिकटतं, शितावर राख चिकटते. म्हणून कढई आधी कागदानं किंवा भुशानं पुसून घ्या. सिंकच्या तोंडाला जाळी ठेवा, जाळीतलं खरकटं कोंबड्यांना किंवा उकिरड्यावर. घराबाहेर पाईप निघतो तिथं विटांचा एक लहान चेंबर बांधा, दीड फूट बाय दीड फूट, वर उचलता येईल असं झाकण. पाणी त्यात थांबून पुढे जातं, त्यामुळे तेलकट साय वर तरंगते, गाळ खाली बसतो. पंधरा दिवसांनी साय आणि गाळ काढून खताच्या खड्ड्यात टाका. हे काम पंधरा दिवसांनी घाण वाटतं. सहा महिन्यांनी केलं तर अंगावर येतं.

सहावी गोष्ट, शेवटची जागा. परसात जागा असेल तर पाणी केळीला, कर्दळीला, अळूला, नारळाला, पपईला द्या. कच्च्या खायच्या भाजीला, म्हणजे कोथिंबीर, मेथी, मुळा यांना सांडपाणी देऊ नका. जागा नसेल किंवा पाणी जास्त असेल तर शोषखड्डा करा. साधारण तीन ते चार फूट लांब, रुंद आणि खोल. तळाला मोठे दगड, त्यावर मध्यम, त्यावर लहान. वरच्या थराच्या मध्ये तळाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात काथ्या किंवा गवत. पाईप मडक्यात सोडायचा. बाकी खड्ड्यावर गोणपाट आणि माती. काथ्यात घाण अडकते, तो काढून बदलायचा म्हणजे खड्डा लवकर बुजत नाही. खड्ड्याचं तोंड जमिनीपेक्षा थोडं उंच ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात गढूळ पाणी आत जाऊन दगडांतल्या फटी बुजतात.

खड्डा खणण्याआधी जमीन तपासा. फूटभर खोल लहान खड्डा करा, पाण्यानं भरा, एक रात्र मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून बघा. पाणी लवकर मुरलं तर जमीन योग्य. दुपारपर्यंत तसंच राहिलं तर तिथं शोषखड्डा चालणार नाही. काळ्या चिकण जमिनीत असं होतं, पावसाळ्यात जास्तच. तिथं मुरुम लागेपर्यंत खणा, नाहीतर लांब चर काढून त्यात केळी-कर्दळी लावा. विहीर, हातपंप, बोअर यांच्यापासून खड्डा निदान ५० ते ६० फूट लांब हवा. घराच्या पायाला आणि शेजाऱ्याच्या भिंतीला ओल लागू नये, एवढा लांब हवा. आणि स्वयंपाकघराचं पाणी संडासाच्या शोषखड्ड्यात सोडू नका. तो खड्डा तेवढ्या पाण्यासाठी बांधलेला नसतो, लवकर भरतो आणि मग दुसरंच संकट उभं राहतं.

शोषखड्ड्यांनी काय होऊ शकतं, याचं उदाहरण नांदेड जिल्ह्यात आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे केले, गटारं नाहीशी झाली आणि डासांचा त्रास गेला. चार फुटांचा खड्डा, मध्ये वरच्या बाजूला भोकं पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड, अशी ती रचना. गाळ टाकीत खाली बसतो आणि वरचं पाणी भोकांतून बाहेर जाऊन मुरतं. पुढे जिल्ह्यातल्या इतर गावांनीही ते केलं, लोक त्याला नांदेड पॅटर्न म्हणू लागले. आपल्या ग्रामपंचायतीत विचारा, सांडपाण्याच्या कामाला सध्या कुठल्या योजनेतून पैसे मिळतात. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला, त्यात सांडपाण्याचं काम घेतलं गेलं. ग्रामसभेत हा विषय एकटीनं मांडू नका, गटानं मिळून मांडा.

डासांचं एक सांगायचं राहिलं. गटारातल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास होतो, हत्तीपाय रोग पसरवणारा. डेंग्यूचा डास मात्र घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, रांजणात, टाकीत, कुलरमध्ये. म्हणून सांडपाणी मुरवलं तरी आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचाच. दोन्ही कामं वेगळी आहेत, एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

सातवी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट. पाईप बुजवायच्या आधी तपासा. जोडांवरचा चिकटद्रव वाळला की सिंकमध्ये बादलीभर पाण्यात हळद कालवून ओता. एक जण बाहेरच्या टोकाला उभी राहा. पिवळं पाणी झरझर आलं पाहिजे, थांबून थांबून नाही. मग प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा. कागदावर पिवळा डाग आला तर जोड गळतो आहे. हे सगळं बघून झाल्यावरच गवंड्याला फरशी लावू द्या. आणि फरशी लागण्याआधी मोबाईलवर पाईपाचे दोन फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पाच वर्षांनी खिळा ठोकताना किंवा फरशी बदलताना पाईप कुठं आहे, ते त्या फोटोत दिसेल.

या सगळ्या गोष्टींसाठी पैसे फार लागत नाहीत. त्या दिवशी घरी थांबावं मात्र लागतं. आम्हाला ठाऊक आहे, ते सोपं नाही. काढणीच्या दिवसांत एक दिवसाचा रोज बुडतो. पण ज्या ओट्यापाशी दिवसातले चार-पाच तास आपण उभं राहणार, त्याचा पाईप बसताना आपण तिथं नसू, तर तो दुसऱ्या कुणाच्या सोयीनं बसतो. गवंडी वाईट नसतो. त्याला काम संपवून पुढच्या घरी जायचं असतं. भांडी त्याला घासायची नसतात आणि शेजारणीचं तोंडही त्याला रोज बघायचं नसतं.

आता आमच्या गटात घरकामाला कर्ज देण्याआधी पाच प्रश्न विचारायचे, असा ठराव आहे. पाणी शेवटी कुठं जाणार? वाटेत कुणाचं दार, कुणाची भिंत, कुणाची विहीर येते का? उतार मोजला का? ट्रॅप आणि झाकणाचा जोड अंदाजपत्रकात धरला का? पाईप बसवायच्या दिवशी घरात कोण असणार? उत्तरं वहीत लिहिली जातात. गटातल्या दोघी जाऊन जागा बघून येतात, त्यातली एक शेजारीण असते. सुरुवातीला दोन-चार जणी कुरकुरल्या. पैसे आमचे, घर आमचं, हे काय पोलीसखातं, म्हणाल्या. आम्ही त्यांना बोळीतली गोष्ट आठवून दिली.

त्या दोघींचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणार. ओट्यावालीनं थकलेले हप्ते भरले. शेजारीण तीन महिन्यांनी बैठकीला परत आली, मागची बचतही घेऊन आली. दोघी आता एकमेकींशी बोलतात, कामापुरतं. पूर्वी सणाला एकमेकींच्या घरी पुरणपोळीचं ताट जायचं, ते अजून सुरू झालेलं नाही. पाईप दोन दिवसांत बदलता आला. बोललेले शब्द परत घ्यायला जास्त दिवस लागतात. बोळ मात्र कोरडी आहे. ते रांगणारं पोर आता तिथंच चालायला शिकलं.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एक काम करा. भांडी घासून झाली की हात पुसा, बॅटरी घ्या आणि घराबाहेर जाऊन बघा, आपलं पाणी कुठं चाललंय. कुणाच्या दारात जातं का? कुठं साचतं का? जे दिसेल ते पुढच्या बैठकीत सांगा. ओटा बांधायचा असेल तर बांधाच, गुडघ्यांना आराम मिळू द्या. फक्त पाण्याची वाट आधी आखा, ओटा मग बांधा.